वेल निजवायचा दिवस

मी कुणाच्या घरात डोकावत नाही. माझ्या बाल्कनीतून जेवढं दिसतं तेवढंच बघते. आता बाल्कनीच अशा कोपऱ्यात आहे की जिन्यात कोण शिरलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, कुणाची सून माहेराहून हसत आली आणि कुणाची नाक ओढत, हे आपोआप दिसतं, त्याला मी काय करू? डोळे मिटून कपडे वाळत घालता येत नाहीत.

खोसियत-खाला आमच्या इमारतीत राहायला आली तेही मी असंच कपडे वाळत घालताना पाहिलं. ट्रकमधून गाद्यांच्या वळकट्या उतरल्या, एक शिवणयंत्र उतरलं, मग एक कढई. कढई एवढी मोठी की तिच्यात अख्ख्या इमारतीचा पुलाव शिजावा, आणि राहणारं माणूस एकटं. शेवटी खाला उतरली. छातीशी एक ओला पायमोजा धरलेला, तान्हं मूल धरावं तसा, आणि त्यातून पाणी ठिबकतंय. मी वर मान करून दुसऱ्या मजल्यावरच्या मिनसिलू-आपाला सांगितलं, "आपा, तळमजल्यावर आलेली बाई जरा हललेली दिसते." आपाने ते तिसऱ्या मजल्यावरच्या हमदम-अकांना सांगितलं. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला आपा म्हणतात, मोठ्या पुरुषाला अका. तेव्हा त्या दोघांचं बोलणं होतं.

मोज्यात द्राक्षाच्या वेलीच्या कांड्या होत्या. आमच्या कोकंद शहराच्या वेशीबाहेर खालाचं अंगणाचं घर होतं आणि त्या अंगणात नवऱ्याने लावलेली हुसैनीची वेल. लांबट, पातळ सालीची, उन्हात धरली तर आतली बी दिसावी अशी द्राक्षं. नवरा गेला, मुलगा ताश्कंदला स्थिरावला, एवढं घर एकटीला झाडून होईना, म्हणून विकलं. उभी वेल काही गाडीत घालून नेता येत नाही, तेव्हा कांड्या. आणि मोज्यात का, तर खालाचा जन्म पायमोज्यांच्या कारखान्यात गेलेला. तिच्याकडे जगातल्या सगळ्या अडचणींवर मोजा हा एकच उपाय. गरम किटली धरायला मोजा, दाराच्या फटीत मोजा, कांदे टांगायला मोजा.

आमच्या इमारतीच्या आणि रस्त्याच्या मधे जमिनीचा एक पट्टा होता. कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांची कचराकुंडी होता. फुटक्या बाटल्या, सिमेंटची ढेकळं, शिवाय एका लोखंडी पलंगाचा सांगाडा. तो हमदम-अकांनी टाकलेला. ते म्हणतात आधीपासून होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, कुठली वस्तू पृथ्वीवर कधीपासून आहे ते त्यांनाच ठाऊक.

खालाने तो पट्टा साफ करायला हशर बोलावला. आमच्याकडे हशर म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं, आणि बोलावणाऱ्याने पुलाव घालायचा. पण पाहुण्याला उपाशी पोटी कामाला कसं लावायचं, म्हणून खालाने पुलाव आधी वाढला. त्यावर हिरवा चहा झाला. मग माणसं भिंतीला टेकली, आणि मातीची, हवेची, जुन्या कोकंदच्या वाऱ्याची चर्चा करता करता एकेक जण "पुन्हा येतो हं" म्हणून घरी झोपायला गेला. फावडं एकानेही उचललं नाही. खाला रागावली नाही. कढई घासली आणि दुसऱ्या दिवसापासून एकटी बसून बाटल्यांचे तुकडे वेचू लागली. दोन दिवस वरून ते बघणं सगळ्यांना जड गेलं. तिसऱ्या दिवशी ज्यांच्या ज्यांच्या पोटात तो पुलाव होता ते सगळे आपण होऊन खाली उतरले. तेव्हापासून आमच्या इमारतीत पुलाव कामानंतर.

वेल लागली, फुटली, चढायला लागली. प्रत्येक मजल्यावर पोचायच्या आधी खाला गुडघे धरत जिना चढायची, हातात गरम नान, आणि विचारायची, "तुमच्या कठड्याला एक खिळा ठोकू का?" गरम नान हातात घेऊन नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. हमदम-अकांनी आधी जगात द्राक्षं कुठकुठे होतात ते सांगितलं, मग खिळा ठोकू दिला. असं करत वेल माझ्या बाल्कनीला सावली देऊन मिनसिलू-आपाकडे गेली आणि तिथून हमदम-अकांकडे. बांधायला अर्थातच मोज्यांच्या पट्ट्या, लाल, निळ्या, पट्टेरी.

पहिलं पीक आलं आणि आमच्या लोकांच्या भिडेने त्याची माती केली. आम्हाला वाटलं, मूळ खालाचं, ती तोडेल तेव्हा देईल. खालाला वाटलं, घड त्यांच्या बाल्कनीत लोंबतायत, त्यांचे ते तोडतील. सगळे एकमेकांकडे बघून गोड हसत राहिले. "काय सुंदर घड आलेत." "हो ना, नजर लागायला नको." नजर लागली नाही, गांधीलमाश्या लागल्या. शेवटी देठ उरले.

त्यावर खालाने कढई बाहेर आणून मधोमध ठेवली आणि कायदाच सांगितला. मूळ माझं, सावली ज्याच्या बाल्कनीत पडेल त्याची, पण द्राक्षं कुणाचीच नाहीत. सगळ्यांनी एकाच दिवशी तोडायची, कढईत टाकायची आणि कढईतून वाटून घ्यायची. पट्ट्याचंही तसंच केलं. प्रत्येक घराला एकेक वाफा. मिनसिलू-आपाने शेपू लावला, तातार माणसाला शेपूशिवाय घास उतरत नाही. हमदम-अकांनी टोमॅटो लावले आणि प्रत्येक रोपाला एकेका देशाचं नाव दिलं. "ब्राझीलला कीड लागली," असं ते खिडकीतून ओरडायचे आणि खालचे खरंच हळहळायचे. स्वतः अका तर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला विसरायला लागले. माझ्या नवऱ्याने मिरच्या लावल्या. एरगाश तसा बोलत नाही, बोलायची वेळ मी येऊ देत नाही, पण मिरच्यांपाशी मी त्याला स्वतःशी गुणगुणताना पाहिलंय. आणि ताटल्या. आमच्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत. पूर्वी त्यात काय घालायचं याची धास्ती असायची, म्हणून लोक ताटल्या पाठवायचेच बंद झाले होते. आता मूठभर रैहान, म्हणजे आमची खायची तुळस, चार काकड्या, काहीतरी असतंच. तर जिन्यात ताटल्यांची नुसती ये-जा.

आता मुख्य गोष्ट. उन्हाळ्यात वेल कोण सांभाळत नाही? परीक्षा हिवाळ्याची. आमच्याकडे वेल हिवाळ्यात उघडी ठेवत नाहीत. पानं झडली की छाटायची, गाठी सोडायच्या, खाली उतरवायची आणि चरात निजवून वर माती ओढायची. वसंतात परत उठवायची. अंगणातल्या मांडवावरची वेल दोन माणसं निजवतात. आमची वेल चार मजल्यांची. खालाने तिच्या खोडाला पहिल्यापासून तिरकं वाढवून वाकायची सवय लावली होती, पण वरच्याने गाठ सोडून खालच्याच्या हातात द्यावी, त्याने त्याच्या खालच्याच्या, असं केल्याशिवाय ती उतरत नाही. एका घराने दार लावून घेतलं तर सगळी वेल टांगलेली राहते. त्यात कोकंदचा वारा.

काही हिवाळे ती नीट उतरली, आणि मग एका वर्षी नेमकं वरच्या दोन घरांचं बिनसलं.

झालं असं की मिनसिलू-आपाला द्राक्षाच्या पानांत खिमा गुंडाळून डोलमा करायचा होता. कोवळी पानं तिच्या कठड्यापाशी संपली, म्हणून बाईने काठीला हूक बांधून वरच्या मजल्याचा पाला ओढला. पाला गेला, हमदम-अकांचे घड उन्हात उघडे पडले आणि भाजून मनुके झाले. मग अकांनी आपली बाल्कनी झाडली. झाडायला हरकत नाही, पण खाली आपाच्या जर्दाळूच्या फोडी वाळत होत्या. तिने वर बघून म्हटलं, की काही मास्तरांनी जन्मभर नकाशे पुसले, अजून खडूची धूळ संपली नाही. त्यांनी खाली बघून म्हटलं, की काही लोक वेलीलाही बोकडासारखे लागतात. तिथपासून बोलणं बंद. काही निरोप असला तर तो माझ्यामार्फत, आणि निरोप पोचेपर्यंत त्यात थोडा मीठमसाला पडायचा, हेही खरं. अकांनी जाहीर केलं की मला यापुढे द्राक्षं नकोत, वेलीशी माझा संबंध नाही, माझं दार उघडणार नाही.

त्याच शरदात खाला न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी ती वाफ्यातल्या तुळशीला पाणी घालायला आली नाही हे मला बाल्कनीतून दिसलं, म्हणून मी खाली गेले, म्हणून कळलं. बोतीर, तिचा मुलगा, ताश्कंदहून धावत आला. पोरगा वाईट नाही. आईला डॉक्टरकडे नेलं, पाय चेपले, आणि मग म्हणाला, आता माझ्याकडे चल. नवव्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, सून चांगली आहे. मी हे सगळं खिडकीतून ऐकलं. खिडकी उघडी होती. म्हणजे मी उघडली होती.

"इथं माझी माणसं आहेत," खाला म्हणाली.

"कुठली माणसं? द्राक्षापुरती माणसं ती. एका चोंबड्या बाईने डोकावलं म्हणून तू सापडलीस. तिच्या भरवशावर तुला ठेवू?"

मला राग आला नाही. चोंबडी तर चोंबडी, आई सापडली ना?

खाला म्हणाली, "वेल निजवायच्या दिवशी ये. गाडी घेऊनच ये. वेल वरपासून खालपर्यंत उतरली तर मी राहते. नाही उतरली तर त्याच गाडीत बसते."

संध्याकाळी मी ताटली परत द्यायला खाली गेले, तर तिने मला बसवून घेतलं आणि हे सगळं परत सांगितलं. मी पहिल्यांदा ऐकत्येय असा चेहरा केला. शेवटी ती म्हणाली, "मस्तुरा, हे कुणाला सांगू नकोस. कुणी माझ्या दयेपोटी दार उघडायला नको." तिचे डोळे पाण्याने भरले होते. मी शब्द दिला. आणि आयुष्यात पहिल्यांदा पाळला. एरगाशलासुद्धा बोलले नाही. रात्री झोपेत तोंड दाबून धरत होते.

तो दिवस उजाडला रविवारी. संध्याकाळपासून कडक थंडी पडणार असं रेडिओ सांगत होता आणि वारा तर सकाळपासूनच सुटलेला. चर खणून तयार होता. पलीकडच्या जिन्यातली माणसं फावडी घेऊन आली. विटांच्या चुलीवर कढई चढली, गाजराचा वास सुटला. खालाने सकाळीच पांढरा रुमाल बांधला होता. दाराशी बोतीरची छोटी पांढरी गाडी, मागचं दार उघडं, आणि आत एक गाठोडं. बघणाऱ्यांना वाटलं, लेकाबरोबर चार दिवस जात असेल.

मी माझ्या मजल्यावरची गाठ सोडायला तयार उभी. वर मिनसिलू-आपाचा पडदा ओढलेला. त्याच्या वर हमदम-अकांचं दार बंद. वाट बघून झाली. चहा झाला. कुणीतरी म्हणालं, वरचा ऐकत नाही म्हणजे नाही, आपण पुलाव खाऊन घेऊ. बोतीरने वर पाहिलं आणि आईला हळूच म्हणाला, "पहिल्या मजल्याच्या वरून कापून टाकू. खालची तरी वाचेल."

खालाने खोडावर हात ठेवला. "कापायला नको," ती म्हणाली. "नाही उतरली ना? मग नाही. तू आत जाऊन गॅस बंद केला का बघ, म्हणजे निघू."

हे मी वरून ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या इमारतीत कुणाला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मी सांगत नाही तोवर आमच्या इमारतीत गोष्ट घडत नाही, एवढी साधी बाब मी विसरले होते.

मी कठड्यावरून बाहेर वाकले आणि मान वर केली. "हमदम-अका, बाल्कनीत या. भांडायला नाही, ऐकायला."

दार बोटभर उघडलं. "मला द्राक्षं नकोत. मी सांगितलंय."

"द्राक्षांचं कोण बोलतंय? तुम्ही गाठ सोडली नाही तर खाला आज ताश्कंदला चालली. कायमची. मुलाशी तसं ठरलंय. ते गाठोडं बघा गाडीत."

अका बाहेर आले. घरातली टोपी, अंगावर शाल. त्यांनी खाली गाडीकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, मग त्यांच्या ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सुकलेल्या काटक्यांकडे पाहिलं. तेवढ्यात मधला पडदा सरकला आणि मिनसिलू-आपाचं डोकं बाहेर आलं.

"हे कुणाला माहीत होतं?" तिने मला विचारलं.

"मला."

"कधीपासून?"

"महिनाभर."

"आणि तू बोलली नाहीस? तू?"

खाला जाण्यापेक्षा तिला याचाच धक्का जास्त बसलेला दिसला.

वर अका गाठी सोडायला लागले होते. थंडीने बोटं वळेनात, मोज्याच्या पट्ट्या घट्ट आवळलेल्या, पण एकही पट्टी कापली नाही. एकेक सोडून शालीच्या टोकाला खोचत गेले. शेवटची गाठ सुटली तशी वेलीचा सगळा भार त्यांच्या हातात आला आणि खाली बघून बोलल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

"सोडतोय," ते म्हणाले.

"मास्तर, हळू. ती काही तुमच्या वर्गातलं पोर नाही ढकलायला."

"हळूच सोडतोय. तुम्ही पाला न ओरबाडता नुसतं धरा."

"पाला उरलाय कुठे आता ओरबाडायला?"

खालची माणसं हसली. वेल इंच इंच वाकत होती, आपाच्या हातातून माझ्या हातात येत होती, जड, खडबडीत, गार, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा तशी. आणि तेव्हाच वारा आला. कोकंदचा वारा सांगून येत नाही. त्याने वेल भिंतीपासून ओढली, अकांची टोपी उडाली, आपा कठड्यावर पोटावर पडून दोन्ही हातांनी खोड कवटाळून राहिली. "सोडू नका हो," ती वर म्हणाली. "मेलो तरी नाही," वरून उत्तर आलं. मग कडकन आवाज झाला.

खोड नव्हतं. वरची एक फांदी होती, मनगटाएवढी. मोडून लोंबत राहिली.

बाकीची वेल आम्ही खाली दिली. खाली माणसांनी ती झेलली आणि बोतीरही झेलणाऱ्यांतच होता, कधी घुसला कुणाला कळलं नाही. चांगला कोट, त्याला सगळी साल लागलेली. वेल चरात निजली. मोडकी फांदी बाजूला ठेवली.

"आई," बोतीर म्हणाला, "वरपासून खालपर्यंत म्हणाली होतीस."

उत्तर दिलं ते वरून धापा टाकत उतरलेल्या दोघांनी. मिनसिलू-आपा म्हणाली, मोडली ती माझ्या हिश्श्याची फांदी, धरायला मी कमी पडले, तेव्हा ती मोजायची नाही. हमदम-अका म्हणाले, तुमच्या हिश्श्याची कशी, माझ्या बाल्कनीतली आहे, माझ्याच हातून मोडली. आपा म्हणाली, पाला तोडायला माझी आणि मोडायला तुमची होय? अका म्हणाले, पाल्याबद्दल मी आता काही म्हणत नाहीये. आपा म्हणाली, म्हणून बघा. हे बराच वेळ चाललं. नुकसान आपलंच आहे म्हणून दोन शहाणी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, असं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

बोतीर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याला हसू फुटलं. त्याने कोट काढला, गाडीत गाठोड्यावर टाकला आणि एरगाशच्या हातातलं फावडं घेतलं. माती ओढून संपली तेव्हा त्याने गाठोडं काढून परत घरात नेलं.

पुलावावर बसलो तेव्हा खालाने मला शेजारी ओढलं. मला वाटलं, गुपित फोडलं म्हणून बोलणार.

"महिनाभर तू कुणाला सांगितलंच नाहीस?" ती कुजबुजली.

"तुम्हीच म्हणालात ना, सांगू नकोस."

"अगं बाई, म्हणून तर तुला सांगितलं होतं." तिने कपाळाला हात लावला. "इमारतीत एवढी माणसं. गुपित ठेवायचं असतं तर मी तुझ्याकडे आले असते का?"

भिडेची माणसं आम्ही. दार उघडा म्हणून तोंडाने मागणार नाही, पण मस्तुराच्या कानात टाकून ठेवणार. आणि मस्तुरा, मेली, नेमकी त्याच वेळी इमानदार झाली.

बोतीर निघायच्या आधी खालाने मोडक्या फांदीच्या कांड्या केल्या, फुटव्याचे डोळे मोजून, तिरका काप देऊन. मग पाण्यात भिजवलेला एक पट्टेरी मोजा आणला, कांड्या त्यात घातल्या आणि तो बोतीरच्या शेजारच्या सीटवर ठेवला, जिथे ती स्वतः बसणार होती तिथे.

"वाळूत पुरून ठेव, वसंतात लाव," ती म्हणाली.

"कुठे लावू? मी नवव्या मजल्यावर राहतो."

"तळमजल्यावर कोण राहतं?"

"माहीत नाही."

"मग गरम नान घेऊन जा आणि विचार."

वसंतात आम्ही वेल उठवली. अका वरून पट्ट्या मागत होते, आपा खालून एकेक देत होती आणि प्रत्येक पट्टीबरोबर एक टोमणा. त्याच आठवड्यात खालाने मला बोलावून सांगितलं, बोतीरचा फोन आला होता. तळमजल्यावर एक म्हातारे ट्रामचालक राहतात, एकटेच. त्यांनी नान घेतली, कांड्या बघितल्या आणि एवढंच विचारलं, आंबट की गोड? मग आतून फावडं घेऊन आले. आता बोतीर रोज संध्याकाळी खाली उतरतो, सून म्हणते, लिफ्टची वाटसुद्धा बघत नाही.

"कुणाला सांगू नकोस हं," खाला म्हणाली. "उगीच नजर लागेल."

मी मान डोलावली, ताटली घेतली आणि वर जाईपर्यंत तिन्ही मजल्यांवर सांगून टाकलं.